विषाणुजन्य पटलभेद

विषाणूची प्रथिने पेशीचे मेदपटल भेदून, किंवा विषाणूचे आवरण त्याच्याशी एकजीव करून, आतली जनुकसामग्री पेशीत पोचवतात त्या क्रियेला पटलभेद म्हणतात. बेळगाव सीमाभागात तिचे सर्वांत जवळचे उदाहरण माकडताप या विषाणूजन्य रोगाचे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात या रोगाची ओळख पटली. खानापूरच्या रानाला लागून असलेल्या गोव्यातील सत्तरी आणि पलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात २०१५-१६ मध्ये त्याची साथ आली. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. त्याचा हंगाम आणि काजूबागांतल्या कामाचा हंगाम एकच, म्हणून बागेत राबणाऱ्यांना धोका अधिक.

माकडतापाचा विषाणू सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाचा. त्याच्या मेदावरणावर ‘ई’ प्रथिनाच्या १८० प्रती जोडीजोडीने आडव्या निजलेल्या असतात. पेशी विषाणूला गिळते आणि एका पुटिकेत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशवीत, कोंडते. पुटिकेत आम्लता वाढली की जोड्या सुटतात, तीन-तीन प्रथिने एकत्र येऊन उभी राहतात आणि टोकाकडचा, पाण्यापासून दूर पळणारा छोटा फास पेशीच्या पटलात रुततो. या फासात ट्रिप्टोफॅन, फेनिलअ‍ॅलनिन यांसारखी अमिनो आम्ले असतात. मग प्रथिन स्वतःवरच दुमडते आणि दोन्ही पटले ओढून एकमेकांना भिडवते. आमटीवरचे तेलाचे दोन थेंब सहज एक होतात, तसे इथे होत नाही: पटलांमधले पाणी हटवायला बळ लागते. हे बळ पेशीच्या एटीपीतून, म्हणजे तिला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतून, येत नाही, ते प्रथिनाच्या ताणलेल्या घडणीत आधीच साठवलेले असते. या क्रियेतला सर्वांत विलक्षण भाग हाच. आधी फक्त समोरासमोरचे थर मिसळतात, मग आतले; छिद्र उघडते आणि सुमारे ११,००० न्यूक्लिओटाइडांचा (दुव्यांचा) आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकसामग्री, पेशीत उतरतो. त्यामुळे इथे पटल ‘फाटते’ म्हणणे बरोबर नाही.

खरोखर फाडणारे विषाणू वेगळे. अ‍ॅडिनोविषाणूला मेदावरण नसते. त्याचे सहाव्या क्रमांकाचे प्रथिन पुटिकेची भिंतच तोडते. पोलिओचा विषाणू व्हीपी४ प्रथिनाने भोक पाडतो. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे हीमॅग्लुटिनीन हे आवरणावरचे प्रथिन मात्र माकडतापाच्या वाटेने जाते, फक्त त्याला पीएच ५ ते ५.५ इतकी तीव्र आम्लता लागते.

साबणाने मेदावरण विरघळते, पण गोचीड विषाणू थेट त्वचेखाली सोडते. म्हणून रानात जाताना अंगभर कपडे, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल आणि परतल्यावर अंग नीट तपासणे, हेच उपाय उपयोगी पडतात.