राजाची प्रेयसी आणि सुलतानाची दासी

लग्नाशिवाय राजाच्या सहवासात राहिलेली बाई म्हटली की आपण सरसकट ‘रखेल’ म्हणून मोकळे होतो. मग ती फ्रान्सच्या दरबारातली असो की उस्मानी (ऑटोमन तुर्क) सुलतानाच्या जनानखान्यातली. टीव्ही मालिकांनी तर दोघींना सारखेच दागिने घालून सारखीच कटकारस्थानं करायला लावली आहेत. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या खऱ्या बायका पाहिल्या, तर दोघींचा कायदाच निराळा होता.

फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सची आन्येस सोरेल चांगल्या घरातली, स्वतंत्र स्त्री. राणीच्याच परिवारात वावरणारी. राजाने तिला बोते-सुर-मार्नचा वाडा आणि जहागिरी दिली, तिच्या तीन मुलींना आपलं म्हटलं. 1450 च्या फेब्रुवारीत नॉर्मंडीत बाळंतपणाच्या सुमारास ती गेली. अलीकडे तिच्या अवशेषांत पारा भरपूर सापडला. पण तो विषाचा की औषधाचा, यावर वाद आहे. पुढे राजाजवळ तिची जागा घेतली तिच्याच नात्यातल्या आंत्वानेतने.

म्हणजे थाट राणीचा, पण आधार फक्त राजाच्या मर्जीचा. इंग्लंडमध्ये तिसऱ्या एडवर्डच्या एलिस पेरर्सला दिवंगत राणीचे दागिने मिळाले, जमिनी मिळाल्या. 1376 मध्ये संसदेने तिला दरबाराबाहेर काढलं. (राजाला धारेवर धरता येत नाही, तेव्हा लोक त्याच्या बाईला धरतात.) ती परतली खरी, पण 1377 मध्ये राजा वारला आणि तिची मालमत्ता जप्त झाली. उरलेलं आयुष्य कज्जेखटल्यांत गेलं. राजापासून झालेला मुलगा होता, पण चर्चच्या लेखी तो अनौरस. गादीशी त्याचा संबंध नव्हता.

उस्मानी दासीचं नेमकं उलटं. ती गुलाम: युद्धात पकडलेली किंवा विकत घेतलेली, जन्माने मुसलमान नसलेली. तिला विचारतो कोण? पण मालकापासून मूल झालं की शरियतप्रमाणे तिला विकता येत नसे, मालकाच्या मृत्यूनंतर ती आपोआप मुक्त होई, आणि मूल जन्मतःच स्वतंत्र व औरस. कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा दुसरा मेहमेद अशाच दासीचा मुलगा. पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर तर सुलतानांनी राजकन्यांशी लग्नं करणं जवळजवळ सोडूनच दिलं. सासरच्या राजघराण्याची ढवळाढवळ नको, हा त्यातला एक हिशेब असावा.

मुलगा झाला की सुलतानाशी तिचा शय्यासंबंध सहसा संपे. पुढे शहजादा अमास्या, मनिसा अशा प्रांतांवर जाई, तेव्हा आई सोबत जाऊन त्याचा कारभार सांभाळी. तिची खरी नोकरी तीच. कारण भावाभावांत एकच सुलतान होणार, आणि हरलेल्याचा जीव जाणार. 1481 मध्ये मेहमेदच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा जेम भाऊ बायझीदकडून हरला, तेव्हा जेमची आई चिचेक त्याच्याबरोबर कैरोला पळाली. जिंकलेला बायझीदही दासीपुत्रच होता.

युरोपात अनौरसपणाचा डाग पुसला जाई, पण क्वचित. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट याने प्रेयसी कॅथरिन स्विनफर्डशी चार मुलं झाल्यावर 1396 मध्ये लग्न केलं. पोपने आणि मग राजाने मुलांना औरस ठरवलं. 1407 मध्ये चौथ्या हेन्रीने त्यात ‘राजपद सोडून’ अशी पाचर मारली. तरी 1485 मध्ये इंग्लंडची गादी घेणारा सातवा हेन्री आईकडून याच वंशातला होता.