मैदानावरचं पाणी (शाळकरी खेळाडूंचं)

शाळेच्या वयातल्या खेळाडूने प्रॅक्टिसच्या आधी, मधे आणि नंतर काय आणि किती प्यायचं याला हल्ली सगळे कोच हायड्रेशन म्हणतात. मामला साधा आहे, घामातून पाणी आणि मीठ जातं ते परत भरायचं. मे महिन्याच्या कॅम्पात पोरांच्या काळ्या टीशर्टवर पांढरे नकाशे उमटतात ना, ते वाळलेलं मीठच.

तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं, मग कबड्डी असो नाहीतर खो-खो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने 2011 मध्ये दिलेलं माप असं की 9 ते 12 वर्षांच्या मुलांना दर 20 मिनिटांनी 100 ते 250 मिली आणि त्यापुढच्यांना तासाला एक-दीड लिटरपर्यंत. घरी काटा असेल तर खेळायच्या आधी आणि नंतर वजन करा, 40 किलोच्या पोराचं 800 ग्रॅम कमी भरलं म्हणजे 2 टक्के गेलं, तिथून दम आणि लक्ष दोन्ही ढासळायला लागतं. काटा नसेल तर लघवीचा रंग बघायचा, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. उगाच लिटरच्या लिटर ढोसणंही बरं नाही, रक्तातलं सोडियम (म्हणजे मिठातला मुख्य घटक) उतरतं.

उन्हात दोन-दोन तास प्रॅक्टिस असेल तर मीठ घातलेलं लिंबूपाणी, पातळ ताक, जिरं-मीठ घातलेलं कोकम सरबत, यातलं काहीही चालतं. शहाळं छान, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्यामुळे घामाची भरपाई एकट्या शहाळ्याने होत नाही. हाफटाइमला तळहातावर ग्लुकोज पावडर घेऊन चाटायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच, त्यात मजा जास्त, पाण्याचा पत्ता नाही.

स्पोर्ट्स ड्रिंक 1965 मध्ये फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमसाठी बनलं, उन्हात तासन्‌तास खेळणाऱ्या धिप्पाड पोरांसाठी. अर्ध्या लिटरमध्ये साधारण 30 ग्रॅम साखर, अर्धा तास बॅडमिंटन खेळून आलेल्या मुलीला ती कशाला? एनर्जी ड्रिंक तर वेगळंच प्रकरण, आपल्याकडच्या नियमात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन आणि लहान मुलांसाठी नाही असं डब्यावरच छापलेलं असतं, पण ते बारीक अक्षर वाचतो कोण.

ओआरएस, म्हणजे पाण्यात घालायची मीठ-ग्लुकोजची पूड, मुळात जुलाबासाठी. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज, म्हणून लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं, अर्धं पाकीट पेल्यात ढवळून देऊ नका. दुकानात ओआरएस नावाने गोड टेट्रापॅक विकले जायचे, ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) त्यांच्यावरून ते नाव काढायला लावलं.

कुस्तीत सगळं उलटं. तालमीत थंडाई घोटतात तेच पैलवान वजनगटात बसायला आदल्या दिवशी पाणी तोडतात. अमेरिकेत 1997 मध्ये असं वजन उतरवताना 3 कॉलेज कुस्तीगीर दगावले, तेव्हापासून तिथे सीझनच्या सुरुवातीला वजनगट ठरवताना लघवी तपासून अंगात पाणी पुरेसं आहे का ते आधी बघतात.