पुराणकथांचे टॅरो कॅट: घेण्याआधी एवढे वाचा

टॅरो, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरतात ती चित्रांची पाने, घ्यायला आमच्याकडे येणारे बरेच जण हल्ली ‘ग्रीक देवांचा’, ‘नॉर्स’ (उत्तर युरोपातल्या जुन्या देवांचा) किंवा ‘आपल्या पुराणांचा’ कॅट मागतात. चित्रे बहुतेकांची देखणीच असतात, म्हणून नुसत्या चित्रावर जाऊ नका.

आधी पाने बघा. टॅरोत 78 पाने असतात: 22 मेजर अर्काना आणि 56 मायनर. मायनरचे रंग चार: कप्स, वाँड्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि वर राजा, राणी वगैरे चार दरबारी. खोक्यावर 40-50 पाने लिहिली असतील आणि रंगच नसतील, तर तो ओरॅकल कॅट. त्यात वाईट काही नाही, पण टॅरोच्या वर्गाला नेलात तर पंचाईत होईल.

टॅरो मुळात खेळ होता. 15व्या शतकात उत्तर इटलीत तो खेळत, आणि मेजरच्या 22 पानांपैकी 21 चक्क हुकमाची होती. 1781 साली पॅरिसमध्ये कूर द जेब्लॅं याने ही पाने प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा ठेवा असल्याचे छापले. पुरावा काही नव्हता, तरी त्यानंतर भविष्य पाहण्यासाठी टॅरोचा वापर वाढत गेला. आम्ही पाने विकतो, भाकिते नाही. आजारपण, लग्न, पैशाचे व्यवहार यांचा निर्णय कॅटवर सोडू नका.

आजचे बरेचसे कॅट 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट कॅटवर बेतलेले असतात. त्याची चित्रकार पामेला कोलमन स्मिथ लहानपणी काही वर्षे जमैकात राहिलेली. तिथल्या अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याच्या लोककथा तिने 1899 मध्ये पुस्तकरूपात आणल्या, आणि त्या ती लोकांसमोर रंगवून सांगतही असे. जुन्या बहुतेक कॅटांत कप्सची पंजी म्हणजे नुसते पाच पेले. स्मिथने तिथे काळ्या झग्यातला माणूस उभा केला: समोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन शाबूत, आणि त्याची नजर सांडलेल्यांवरच. पुराणकथांचे कॅट काढणाऱ्यांना वाट मिळाली ती इथून.

पण कथा पानाला बसली पाहिजे. बारावे पान, हँग्ड मॅन, घ्या. उलटा टांगलेला माणूस, चेहरा मात्र शांत, कारण तो स्वेच्छेने लटकलाय. नॉर्स कॅटात इथे ओडिन हा देव येतो: रून लिपीचे ज्ञान मिळावे म्हणून तो भाल्याने जखमी होऊन नऊ रात्री विश्ववृक्षावर स्वतःहून लटकला. चित्रही जुळते, अर्थही. भारतीय कॅटात कुणालाही आधी त्रिशंकूच आठवेल. दिसायला अगदी चपखल! पण त्याला लटकायचे कुठे होते? विश्वामित्रांच्या बळावर सदेह स्वर्गात निघाला, इंद्राने ढकलून दिला आणि अधांतरी राहिला. स्वेच्छेचा भागच गळाला. चित्रकाराने तरीही त्याला घेतले असेल, तर सोबतच्या पुस्तिकेत त्याचे कारण असायला हवे. ते नसेल तर नुसते देवाचे नाव छापलेय, असे समजा.

आणखी एक. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ‘आपला टॅरो’ म्हणून विकली जाते. आम्ही तसे म्हणत नाही. ती खेळायची पाने. 120 गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने. तिघे खेळतात, वाट्याला 40 येतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. मासा, कासव, परशू ही चिन्हे ओळखू येतात, पण नववा अवतार जरा बघून घ्या: बंगालमधल्या बिष्णुपूरच्या दशावतारी पत्त्यांत तिथे जगन्नाथ असतो. हाताने रंगवलेला संच महाग पडतो, आणि तो पडायलाच हवा. पिसताना जपा, ओला हात लावू नका.

स्वस्त नकली टॅरोही फार आलेत. पाने मूळ आकारापेक्षा लहान, रंग फिके, आणि पुस्तिकेऐवजी एक क्यूआर कोड, असे दिसले की बहुधा नकलीच. चित्रकाराला त्यातून काहीच मिळत नाही.

सील फोडल्यावर कॅट परत घेत नाही. पाने कमी किंवा दुबार निघाली तर सात दिवसांत पावतीसह आणा, बदलून देऊ. तेव्हा घरी गेल्यावर पिसण्याआधी मोजा.