कुणाला मीठ हवं, कुणाला नको

मे महिन्यात वेंगुर्ल्याला पक्षी बघायला जातो म्हटलं की जाणकार हसतात. कुरव, तुताऱ्या, चिखल्या यांचे बहुतेक थवे तोवर उत्तरेला गेलेले असतात. खरंय. पण जे उरतात, त्यांच्याकडे निवांत बघता येतं.

ऊन चढलं की माडांच्या बागेमागच्या व्हाळाकडे जावं. व्हाळ आटून चिखलाची पट्टी तेवढी उरलेली, आणि तिच्यावर दहा-बारा ब्लूबॉटल फुलपाखरं दाटीवाटीने बसलेली. खुशाल पालथं पडून बघावं. सोंड चिखलात रोवलेली दिसते आणि दर काही सेकंदांनी मागच्या टोकातून पाण्याचा बारीक थेंब उडतो. पुढून प्यायचं, मागून टाकायचं, किती तरी वेळ. नुसती तहान असती तर पाणी टाकलं कशाला असतं? त्यांना हवं असतं त्यातलं मीठ, नेमकं सांगायचं तर सोडियम. पानांत ते जेमतेम असतं आणि सुरवंटाचं सगळं बालपण पानं खाण्यात गेलेलं. चिखलावर बसतात ते बहुतेक नर. साठवलेलं सोडियम ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि तिच्याकडून ते अंड्यांत उतरतं. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेला नीलवंत एरवी लिंबाभोवती काय डौलात फिरतो! तोही गुरांच्या मुताने भिजलेल्या मातीवर बसलेला मी पाहिलाय. घामेजल्या मनगटावर एखादं बसलं तर हाकलू नये.

शंभर पावलांवर समुद्र, आणि तिथे उलटाच प्रकार. नांगरलेल्या होडीच्या काठावरचा तुरेवाला सुरय हा समुद्रपक्षी मधूनच मान झटकतो. दुर्बीण लावली की चोचीच्या टोकाशी लोंबणारा थेंब दिसतो. हा थेंब समुद्राहून खारट! समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के; कुरवांच्या अशा थेंबात ते पाच टक्क्यांच्या आसपास भरतं. माशांबरोबर पोटात जाणारं एवढं मीठ एकट्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मग डोळ्यांवरच्या खोबणीतल्या दोन ग्रंथी ते रक्तातून गाळतात आणि नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. ग्रंथी पूर्वीपासून माहीत होत्या. त्यांचं काम क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५७च्या सुमारास पाणकावळ्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. समोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांच्या उघड्या कातळांवर सुरय वीण घालतात, ते या ग्रंथींच्या भरवशावर.

बारा वाजता वाळूत पाय ठेववेना, तेव्हा परत फिरलो. व्हाळाशी ब्लूबॉटल अजून तिथेच होती, थेंब उडवत.