४२९४९६७२९७ (पाचवी फर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२वा घात काढा, त्यात १ मिळवा, झाली ही संख्या. २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा, ३२वा असे दुप्पट होत जाणारे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की फर्मा संख्या मिळतात, आणि त्यांतली ही पाचवी (मोजायला शून्यापासून सुरुवात करतात, म्हणून ओळीत ती सहावी येते). फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्माने १६४० मध्ये बघितलं होतं की हिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ संख्या आहेत, मग पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं त्याला वाटलं, पण सिद्धता काही मिळाली नाही. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने दाखवलं की

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत.

आता दहा अंकी संख्येचे अवयव हाताने शोधायचे म्हणजे जन्म जाईल असं वाटतं, पण ऑयलरनेच सिद्ध केलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्यांनी भाग देऊन बघितला की पाचवाच नंबर ६४१ चा! भागाकार न करताही हे पटवता येतं आणि मला तर ही सिद्धता पूर्ण अंकगणितातली सगळ्यात देखणी वाटते. बघा, ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ची किंमत −१ धरता येते. त्याचा चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८वा घात) ची बाकी १ येते. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा आहे ना, मग ६२५ च्या जागी −१६ घाला, १६ म्हणजे २ चा ४था घात, म्हणजे उणे २ चा ३२वा घात याची बाकी १, म्हणजेच २ चा ३२वा घात अधिक १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. संपलं!

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते, ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९². मूळ संख्येला असा जास्तीत जास्त एकच प्रकार असतो, त्यामुळे एवढ्यावरूनही ती मूळ नाही हे कळतं. फर्माच्याच छोट्या प्रमेयावरची एक चाचणी आहे: संख्येपेक्षा एकने कमी एवढा २ चा घात घ्यायचा आणि त्याला त्या संख्येने भागायचं, संख्या (२ सोडून) मूळ असेल तर बाकी १ यायलाच हवी. २ हा पाया घेऊन केलेल्या या चाचणीत मात्र ही पास होते, म्हणून तिला २ पायाची छद्म-मूळ संख्या म्हणतात. २ च्या जागी ३ घेतला की लगेच पकडली जाते.

तिच्यापेक्षा दोनने लहान असलेली ४२९४९६७२९५ म्हणजे संगणकाच्या ३२ बिटमध्ये (० किंवा १ लिहायच्या ३२ जागांत) मावणारी सगळ्यात मोठी संख्या, आणि ती बरोब्बर ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे, फर्माच्या त्याच पाच मूळ संख्यांचा गुणाकार. तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो हे जर्मन गणितज्ञ गाउसच्या कामावरून ठरतं, ६४१ बाजूंचा मात्र येत नाही.