तुळाजी आंग्रे : सरखेलाची कारकीर्द आणि १७५५ चा करार

२०२३ चा नौदल दिन तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. २०२५ च्या जुलैत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग जागतिक वारसा यादीत गेले. असे काही घडले की कोकणात एक जुना वाद हमखास वर येतो: पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून मराठ्यांचे आरमार बुडवले का? या वादात तुळाजी आंग्र्यांचे नाव येते, पण चर्चा होते ती त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षाचीच.

तुळाजींचे वडील कान्होजी हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख; त्यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. १७२९ मध्ये ते गेले, तोवर इंग्रज, पोर्तुगीज आणि डच तिघेही त्यांच्या किल्ल्यांवर चालून येऊन हात हलवत परतले होते. मागून त्यांचे पुत्र सेखोजी चार वर्षांतच वारले आणि संभाजी-मानाजी या भावांत तंटा पेटला. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांनी वाटणी करून दिली: कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मानाजींना, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेली संभाजींना. तंटा मिटला नाहीच, उलट एका आरमाराची दोन झाली. माझ्या मते खरे नुकसान इथे सुरू झाले. १७५६ मध्ये विजयदुर्गासमोर जळालेले आरमार त्याच्या बरेच पुढचे.

संभाजींनंतर, १७४२ मध्ये, विजयदुर्ग तुळाजींकडे आला. समुद्रावरच्या व्यापाऱ्याने आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, नसेल तर जहाज जप्त, हा कान्होजींच्या वेळचा शिरस्ता त्यांनी जास्तच कडक केला. पोर्तुगीज हेच दोन शतके करत आले होते. ते केले की राज्यकारभार आणि आंग्र्यांनी केले की चाचेगिरी, हा इंग्रजी दप्तरातला न्याय आपल्याकडच्या लिखाणातही बराच काळ मुक्कामाला होता. १७४९ मध्ये तुळाजींनी इंग्रजांचे रिस्टोरेशन हे जहाज पकडले. १७५४ च्या सुरुवातीला डचांच्या तीन जहाजांशी झुंज देऊन त्यांची वाट लावली. जमिनीवर मात्र त्यांनी शहाणपण दाखवले नाही. सावंतवाडीकरांशी वैर, छत्रपतींच्या दरबारातले मोठे सरदार प्रतिनिधी यांच्या मुलखात धुमाकूळ. सख्ख्या शेजाऱ्यांपैकी मित्र म्हणावा असा कोणी उरला नाही.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू छत्रपती वारले. सरखेली छत्रपतींनी दिलेली, पेशव्यांनी नव्हे, तेव्हा पेशव्यांचा हुकूम आपल्यावर चालत नाही, अशी तुळाजींची भूमिका. कागदावर ती खोडून काढणे अवघड आहे. पण पुण्याच्या बाजूनेही पाहा: किनाऱ्याचे निम्मे किल्ले आणि सगळ्यात जबर आरमार ज्याच्या हाती, तो सरदार पैसाही देत नाही आणि ऐकतही नाही. त्याला वठणीवर आणणे कोणत्याही सत्तेने केलेच असते.

आक्षेप आहे तो कसे आणले यावर. १७५५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. किल्ले पेशव्यांना, बाणकोट आणि लगतची काही गावे इंग्रजांना, असा सौदा. आणि समुद्रावरची मुखत्यारी इंग्रजांकडे. हे शेवटचे कलम मला सर्वांत घातक वाटते. जमिनीवर लढणारा पक्ष पाण्यावरचे निर्णय दुसऱ्यावर सोपवतो, आणि तो दुसरा कोण, तर ज्याला आंग्र्यांचे आरमार पेशव्यांकडेसुद्धा जायला नको आहे. एप्रिलच्या आरंभी सुवर्णदुर्ग काही दिवसांतच पडला. मग पावसाळा आडवा आला.

१७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज विजयदुर्गासमोर आले ते कंपनीच्या चार होड्या घेऊन नव्हे. राजाचे आरमार होते, अ‍ॅडमिरल वॉटसन होता, फौजेवर क्लाइव्ह होता. तुळाजी किल्ला सोडून मराठ्यांच्या छावणीत बोलणी करायला गेलेले. मारा सुरू झाला, रिस्टोरेशनवर आग लागली आणि दाटीने नांगरलेली गलबते-गुराबे एकापाठोपाठ पेटली. इंग्रजांचेच पकडून आणलेले जहाज आंग्र्यांच्या मुळावर आले. क्लाइव्हने आपली माणसे उतरवली ती किल्ला आणि मराठ्यांची फौज यांच्या मधोमध. आत सापडलेली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. कराराप्रमाणे मित्राच्या हाती द्यायचा किल्ला त्यांनी अडवून धरला आणि ऑक्टोबरच्या नव्या तहात बाणकोटचा हक्क पक्का करून घेऊन मगच सोडला. तुळाजींना उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत, वेगवेगळ्या किल्ल्यांवर काढावे लागले. ती सुमारे तीस वर्षे होतात, आणि त्यांवर कोणी फारसे लिहीत नाही.

‘मराठ्यांचे आरमार त्या दिवशी संपले’ हे विधान मात्र जपून करावे. जळाले ते विजयदुर्गकर आंग्र्यांचे. कुलाबेकर आंग्र्यांचे आरमार शाबूत होते, पेशव्यांचे स्वतःचेही होते. विजयदुर्गाला पुढे पेशव्यांच्या आरमाराचा सुभा झाला, धुळपांनी तो चालवला आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले, तेही इंग्रज-मराठ्यांतला सालबाईचा तह झालेला असताना. आरमार होते, माणसेही तीच होती. पण पाण्यावर स्वतःच्या मुखत्यारीने लढाई करणारा किंवा थांबवणारा सरखेल राहिला नव्हता. सुभेदार होता, आणि त्याचे हुकूम पुण्याहून यायचे. विजयदुर्ग १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, कुलाब्याचे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे, ते कान्होजींच्या स्मरणार्थ.