कारस्थानी धनिक-युवा नाट्य : कोकणातील प्रेक्षकमत

गडगंज श्रीमंत घरांतील शाळकरी व महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या पैजा, बदनाम्या, सूड आणि प्रसंगी खून यांभोवती गुंफलेल्या चित्रपटांचा व मालिकांचा हा एक प्रकार आहे. त्याविषयी प्रेक्षकांत पहिल्यापासून तट पडलेले आहेत. नीतिभ्रष्टतेचा आक्षेप सर्वत्र घेतला जातो आणि तो कोकणातही ऐकू येतो. मात्र अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर या मालिकांविषयी जे बोलले जाते, त्याचा रोख बहुधा दुसऱ्याच प्रश्नाकडे असतो. केलेल्या कृत्याची भरपाई शेवटी कोणाला करावी लागते, हा तो प्रश्न होय.

या प्रकाराचे मूळ फ्रेंच तोफखान्यातील अधिकारी शोदेर्लो द लाक्लो यांच्या १७८२ मधील १७५ पत्रांच्या कादंबरीत आहे. त्यात मार्कीझ द मेर्तय आणि व्हिकोंत द व्हालमों हे दोन उमराव करमणूक म्हणून इतरांची आयुष्ये उद्ध्वस्त करतात. शेवटी व्हालमों द्वंद्वयुद्धात मरतो, पत्रे उघड होतात, नाट्यगृहात आलेल्या मार्कीझची लोक हुर्यो उडवतात आणि पुढे देवीच्या रोगाने तिचा चेहरा विद्रूप होतो. रॉजर कंबल यांनी १९९९ मध्ये ‘क्रुएल इंटेन्शन्स’ या चित्रपटात हेच कथानक मॅनहॅटनमधील शाळकरी सावत्र भावंडांवर बेतले. तेथे भाऊ मोटारीखाली सापडून मरतो आणि त्याच्या रोजनिशीच्या प्रती वाटल्या गेल्यामुळे बहिणीचे ढोंग साऱ्या शाळेपुढे उघडे पडते. म्हणजे दोन्ही कृतींत लोकांसमोर झालेली नाचक्की हीच शिक्षा आहे.

‘गॉसिप गर्ल’ (२००७–१२) या मालिकेपासून ही शिक्षा सैल झाली. पहिल्याच भागात दोन मुलींवर जबरदस्ती करू पाहणारा चक बास हा सहा पर्वांच्या अखेरीस नायकपदाला पोहोचतो आणि वाजतगाजत नसले तरी रीतसर त्याचे लग्न लागते. पालकांच्या संघटनेने व समीक्षकांनी मालिकेवर ओढलेले ताशेरे २००८ मध्ये ती दाखवणाऱ्या वाहिनीने तिच्याच जाहिरातफलकांवर छापले. निषेधाचा असा उपयोग होऊ शकतो, हे ध्यानात घेतल्यास केवळ अश्लीलतेवर बोट ठेवणारी टीका या प्रकाराला फारशी का बाधत नाही, ते समजते. भारतात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा मालिकांना वयोगटाची खूण लावावी लागते. घरात एकच फोन हातोहात फिरत असेल, तर त्या खुणेला फारसा अर्थ उरत नाही.

कोकणात या मालिका बव्हंशी मोबाइलवर आणि पुष्कळदा हिंदी आवाजात पाहिल्या जातात. डोंगरउतारावरच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नसल्याने गणपतीला गावी येणारी चाकरमान्यांची मुले मुंबईतच भाग डाउनलोड करून आणतात. रात्रीची आरती आणि भजन आटोपले, की पडवीत एका फोनभोवती चुलत, मावस, आते अशी पाच-सहा भावंडे दाटीने बसतात आणि सुपारी कातरत बसलेली आजी मधूनच पडद्याकडे पाहून विचारते, “ह्येंचे आवस-बापूस खंय आसत?” हा प्रश्न भाबडा मानू नये. आईवडिलांची अनुपस्थिती हा या नाट्यप्रकाराचा आधारखांब आहे. ते घरात असते, तर निम्मी कारस्थाने पहिल्या भागातच संपली असती. ज्या प्रदेशात वडील मुंबईला आणि मुले आजीपाशी, अशी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथील प्रेक्षकांना ही उणीव लगेच टोचते. पोटापाण्यासाठी दूर गेलेले आईबाप आणि मेजवान्यांत गुंतलेले आईबाप यांतला फरकही ते नेमका ओळखतात.

खलपात्र मनापासून आवडणे आणि त्याचा धिक्कार करणे, या दोन गोष्टी येथे एकत्र नांदतात. दक्षिण कोकणातील दशावतार या लोकनाट्यात प्रारंभीच्या पूर्वरंगानंतर पौराणिक आख्यान लागते, संवाद पाठ केलेले नसतात आणि राक्षसाचे सोंग घेणाऱ्या नटाच्या हजरजबाबीपणावर रात्र रंगते. प्रेक्षक त्याला भरभरून दाद देतात. पण शेवटच्या दहीकाल्यापूर्वी त्याचा पाडाव झालाच पाहिजे, हेही त्यांच्या मनात पक्के असते. त्यामुळे दुष्ट पात्रावर भाळलेला तरुण बिघडला, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. वडीलधाऱ्यांची नाराजी अनेकदा दुष्टपणा दाखवल्याबद्दल नसते, दुष्टाचे काहीही न बिघडल्याबद्दल असते. तरुण मंडळी यावर उत्तर देतात, की खऱ्या आयुष्यातही त्यांचे काही बिघडत नाही. हे उत्तर खोडून काढणे वडीलधाऱ्यांना जड जाते.

या वादाची सर्वांत खोल बाजू अलिबाग तालुक्यात दिसते. चरी येथील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांविरुद्ध संप पुकारला आणि उपासमार सोसून तो १९३९ पर्यंत चालवला. खोती १९४९ च्या कायद्याने संपली. आज त्याच तालुक्यात किहीम, आवास, सासवने या किनाऱ्यांवर मुंबईच्या धनिकांचे बंगले उभे आहेत आणि मांडव्याच्या धक्क्यावर उतरून पाहुणे शनिवार-रविवारी तेथे येतात. बंगल्याची राखण करणारे कुटुंब मागच्या खोलीत राहते. सोमवारी सकाळी फुटलेल्या काचा वेचणे, पोहण्याचा तलाव उपसणे आणि कोणी विचारल्यास काही पाहिले नाही असे सांगणे त्याच्या वाट्याला येते. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी या मालिका पाहते, तेव्हा तिचे लक्ष नायिकेच्या पोशाखाइतकेच मागून ट्रे घेऊन जाणाऱ्या, एकही वाक्य नसलेल्या माणसाकडे जाते.

‘एलिट’ (२०१८–२४) या स्पॅनिश मालिकेला या प्रेक्षकांत वेगळे स्थान मिळण्याचे कारण हेच असावे. तीत स्वतःच्या शाळेचे छत कोसळल्यानंतर सामान्य घरांतील तीन मुलांना श्रीमंतांच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळते आणि ते कोसळलेले बांधकाम तेथील एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या कंपनीचे असते. पहिल्या पर्वात खून करतो श्रीमंत मुलगा आणि तुरुंगात जातो गरीब मुलाचा भाऊ. अशीम अहलुवालिया यांनी २०२३ मध्ये ‘क्लास’ या नावाने तिचे दिल्लीत रूपांतर केले, तेव्हा त्यात जातही उघडपणे आली. आडनाव लपवणारा धीरज हा त्यातील मुलगा कोकणातील अनेकांना परदेशी मालिकांतील कोणत्याही पात्रापेक्षा जवळचा वाटतो, आणि प्रस्तुत नोंदीच्या मते ही जवळीक या रूपांतराचे मोठे यश आहे.

खुनापेक्षाही टोळक्याने एखाद्याला बाहेर टाकणे, हा या मालिकांतील भाग येथे अधिक खरा मानला जातो. गावकीने कुटुंबाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतून वारंवार पुढे आल्या आणि राज्याचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा होण्यामागे त्यांचा मोठा वाटा होता. कॅन्टीनमध्ये शेजारी कोणी न बसणे, आमंत्रणातून नाव गळणे, बोलता बोलता सर्वांनी गप्प होणे यांचा अर्थ या प्रेक्षकांना समजावून द्यावा लागत नाही. त्यांची तक्रार एवढीच असते, की मालिकेत बहिष्कृत मुलगी दोन भागांनंतर नव्या पोशाखात परत येते. तिच्या आईला पाण्यावर, बाजारात, देवळात काय सोसावे लागले असेल, याकडे कॅमेरा वळतच नाही.